चौदा वर्षांत एकोणीस हजार

जाहिरातीत एवढंच होतं: '२०१० मॉडेल, पोर्शे ९११ कॅरेरा एस, सिंगल ओनर, ओन्ली १९,००० किमी, शोरूम कंडिशन.' नाशिकच्या मित्राने रात्री साडेअकराला ती मला पाठवली आणि सकाळी सहाला त्याचा फोन. "आजच मुंबईला जाऊ. दुसऱ्या कुणी उचलली तर?" त्याला म्हटलं, चौदा वर्षं बसून राहिलेली गाडी आणखी चार दिवस बसेल. पण जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं डोक्यात शिरलं की माणूस लग्नाळू पोरासारखा वागायला लागतो. फोटो बघूनच सगळं ठरलेलं असतं, बाकीची बोलणी नावापुरती.

मला खटकलं होतं ते 'ओन्ली'. चौदा वर्षांत एकोणीस हजार म्हणजे महिन्याला एकशे तेरा किलोमीटर. नाशिकहून इगतपुरीला एकदा जाऊन आलं तरी जवळपास तेवढं भरतं. कमी चाललेली गाडी म्हणजे सोनं, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि घरच्या साध्या गाडीच्या बाबतीत ती बरीचशी खरीही आहे. या जातीच्या गाड्यांचा हिशेब मात्र मी उलटा लावतो. साठ हजार चाललेली, वेळच्या वेळी तेल बदललेली गाडी मला तळघरात झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा केव्हाही जास्त भरवशाची वाटते.

आधी पैशाचं बोलू. नवी असताना ही गाडी कोटीच्या आसपासची. आज ती त्याच्या निम्म्याहून कमी भावात दिसली की माणसाला वाटतं, एवढ्यात तर एखादी बरी एसयूव्ही येते, मग हीच का नको? अडतं ते पुढे. गाडीचा भाव उतरतो, तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही. ब्रेकच्या डिस्क, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, पाण्याचा पंप, दिव्यांचं काचेचं खोकं, सगळं आजही कोटीच्या गाडीच्याच दराने आणि वर आयात शुल्क लावून येतं. म्हणून विकत घ्यायच्या रकमेइतकीच दुसऱ्या रकमेची बेरीज आधी करावी लागते: पहिल्या वर्षात काय काय बदलावं लागेल, तिची. ही दुसरी रक्कम कळावी म्हणून तर गाडी तपासायची.

९११ हे एक नाव असलं तरी आत पिढ्या वेगळ्या आहेत आणि प्रत्येक पिढीचं दुखणं वेगळं. मित्राची गाडी होती ती ९९७ या सांकेतिक क्रमांकाची. ही पिढी २००४ ते २०१२ अशी चालली आणि २००८ मध्ये तिच्या मधोमध एक रेघ पडली. रेघेच्या अलीकडच्या गाड्यांच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट असतो. क्रँकची फिरकी तो साखळ्यांमार्फत कॅमपर्यंत पोचवतो. त्याच्या एका टोकाला एक बंद बेअरिंग. त्यातलं ग्रीस इंजिनाच्या तेलाने धुऊन गेलं की बेअरिंग झिजतं, शाफ्ट डुगडुगतो, साखळीचा मेळ सुटतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग दुरुस्ती होत नाही, दुसरं इंजिन बघावं लागतं. अमेरिकेत यावरून सामूहिक दावा झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली आणि त्यात मे २००१ ते फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या गाड्या धरल्या गेल्या. त्या काळानंतरच्या गाड्यांत कंपनीने मोठं, दणकट बेअरिंग बसवलं. पण ते इंजिन पूर्ण फोडल्याशिवाय बाहेर निघत नाही. २००८ च्या फेरबदलात नवं इंजिन आलं आणि हा शाफ्टच गेला. ही इंजिनं रोज उघडणारे मेकॅनिक सांगतात की हे बेअरिंग पळणाऱ्या गाडीपेक्षा उभ्या गाडीत लवकर जातं. तेल फिरत नाही, जुनं तेल आम्लधर्मी होतं, ओल साचते. ते ऐकल्यापासून 'ओन्ली' शब्द दिसला की माझा हात पाकिटावर जातो.

रेघेअलीकडच्या ३.८ लिटर इंजिनाचं आणखी एक दुखणं म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर पडणारे ओरखडे. खूण सोपी: एक्झॉस्टच्या नळ्यांमध्ये बोट फिरवून बघायचं. एका बाजूची नळी दुसरीपेक्षा फार काळी असेल, गरम झाल्यावर इंजिन टकटक करत असेल आणि मालक 'तेल थोडं खाते' असं हसत सांगत असेल, तर स्पार्क प्लग काढून त्या भोकातून आत बारीक कॅमेरा घालून बघितल्याशिवाय व्यवहार करू नये. या तपासणीचे पैसे इंजिनाच्या किमतीपुढे चिल्लर आहेत. मालकाने तिला नकार दिला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

मित्राची गाडी २०१० ची, म्हणजे रेघेपलीकडची. दोन्ही भुतं बरीचशी टळलेली. तरीही आम्ही निघालो तेव्हा माझ्या पिशवीत टॉर्च, हातमोजे, रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणि एक जुनी चटई होती. चटई का, ते तिथे गेल्यावर मित्राला कळलं.

गाडी वरळीच्या एका उंच इमारतीत, जमिनीखालच्या दुसऱ्या मजल्यावर, राखाडी कापडाखाली. मालकाच्या ड्रायव्हरने कापड असं ओढलं की जणू पुतळ्याचं अनावरण. पांढरी गाडी, खरोखर देखणी. मित्र दोन पावलं मागे सरकला. मी पुढे झालो आणि इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. गरम. "साहेब, तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली," ड्रायव्हर म्हणाला. हे त्याने चांगल्या मनाने केलं असेल, पण गाडी बघायला जाताना फोनवर पहिलं सांगायचं ते हे: आम्ही येईपर्यंत चालू करू नका. थंड इंजिनाचं पहिलं अर्धं मिनिट जे बोलतं ते नंतर दिवसभर ऐकू येत नाही. आम्ही मग सरळ वर जाऊन जेवून आलो. तीन तासांनी परत चालू केली तेव्हा मागून निळसर धुराची एक फुंकर आली आणि मित्राचा चेहरा पडला. त्याला सांगितलं, हे सोड. या इंजिनाचे सिलिंडर आडवे असतात, उभी गाडी जरा कलती असली की थोडं तेल आत उतरतं आणि चालू होताना जळतं. फुंकर आली आणि विरली, ठीक. विरलीच नाही तर मात्र चटई गुंडाळायची आणि घरी जायचं.

चटई घालून मी खाली शिरलो. अशा गाड्यांचं पोट आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांनी लिहिलेलं असतं. पुढच्या ओठाला ओरखडे असणार, त्याचं काही नाही. बघायचं ते खालचं प्लॅस्टिकचं आवरण जागेवर आहे का, त्याचे स्क्रू कंपनीचे आहेत की कुणी केबल-टायने बांधलंय, आणि जॅक लावायच्या जागा चेपल्या आहेत का. नंतर पुढच्या बंपरच्या दोन जाळ्यांतून टॉर्च मारला. ९११ चं इंजिन मागे असलं तरी पाण्याचे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर पुढे, चाकांच्या अगदी समोर असतात. रस्त्यावरची वाळकी पानं त्यात शिरतात आणि तिथेच कुजतात. या गाडीत पिंपळाच्या पानांचा ओला गठ्ठा होता, आणि त्याच्यामागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बोट लावलं की पिठासारख्या झडत होत्या. समुद्राची हवा आणि कुजकी पानं, दोन्ही मिळून काम करत होती. एकोणीस हजार किलोमीटरच्या गाडीचा कंडेन्सर.

मग टायर. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढच्या दोन्ही टायरवर '१४१०', म्हणजे २०१० चा चौदावा आठवडा. मित्र खूश झाला. "बघ! ओरिजिनल टायर आहेत. मीटर खरा आहे." बरोबर होतं त्याचं. मीटर खरा असण्याचा याहून चांगला पुरावा मिळत नाही. आणि हाच पुरावा सांगत होता की ताशी अडीचशेच्या पुढे पळू शकणारी गाडी चौदा वर्षं जुन्या, काचेसारख्या कडक झालेल्या रबरावर उभी आहे. नक्षी अजून खोल होती, पण रबराचं वय नक्षीत दिसत नाही. बाजूला वाकून बघितलं तर भेगांचं बारीक जाळं. आकार पुढे २३५/३५ आणि मागे २९५/३०, दोन्ही एकोणीस इंची. मागचे चार वर्षांपूर्वीचे, वेगळ्याच कंपनीचे. चारही बदलणं आलं.

ब्रेकच्या बाबतीत एक गंमत सांगण्यासारखी आहे. या पिढीत साध्या कॅरेराचे कॅलिपर काळे, एस चे लाल, आणि महागड्या सिरॅमिक डिस्क घेतल्या असतील तर पिवळे. त्यामुळे बाजारात पिवळे रंगवलेले लाल कॅलिपर भरपूर सापडतात. मागे एका गाडीवर मी रंगाखालचा लाल नखाने खरवडून काढून दाखवला होता, तर एजंट म्हणाला, "ओरिजिनलच आहे साहेब, नुसता रंग दिलाय." पिवळे खरे असले तरी आनंदाने उडी मारू नये. सिरॅमिक डिस्क घासते ती जाडीने नाही, वजनाने. किमान वजन तिच्यावरच कोरलेलं असतं आणि खात्री करायची तर उतरवून वजन करावं लागतं. बदलायची वेळ आलीच तर त्या रकमेत एक नवी छोटी गाडी येते.

रंगाचं यंत्र मी सगळीकडे फिरवतो, पण त्याच्या आकड्यांचा बाऊ करत नाही. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. बंपर पुन्हा रंगवलेला असणं साहजिक आहे, दगड तिथेच लागतात. मला काळजी वाटते ती छत, दाराच्या चौकटी आणि मागच्या पंखांची. तिथे यंत्राने तीनशे दाखवले तर गाडी ठोकलेली आहे आणि खाली लांबी भरलेली आहे. या गाडीत तसं काही नव्हतं. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातली वर्षाची खूणही जुळत होती.

पुढचं झाकण उघडायचा प्रसंग मात्र लक्षात राहील असा. ९११ च्या पुढच्या डिकीत बॅटरी असते, आणि डिकीचं कुलूप चालतं विजेवर. म्हणजे बॅटरी मेली की ती तिच्याच खोलीत कोंडली जाते. जर्मनांनी त्याची सोय केली आहे: पुढच्या सीटसमोर पायाजवळच्या फ्यूजच्या पेटीत एक लाल टोक ओढून बाहेर काढता येतं, त्याला दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडली की कुलूप उघडतं. ड्रायव्हरने हे इतक्या सफाईने करून दाखवलं की विचारावंसं वाटलं. तो म्हणाला, "पावसाळ्यात तर दर महिन्याला करतो साहेब. म्हणून तर आता दर रविवारी वीस मिनिटं चालू ठेवतो. जागेवरच."

जागेवरच. गाडीचं सगळं आयुष्य या एका शब्दात होतं. वीस मिनिटं नुसतं रेंगाळणारं इंजिन पुरेसं तापत नाही. जळणातून तयार झालेलं पाणी एक्झॉस्टमध्ये साचतं, थोडं पेट्रोल तेलात उतरतं, आणि पुढच्या रविवारी तेच. त्यात आता आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. या गाडीला कंपनीने ९८ ऑक्टेन सुचवलेलं. मोजक्या पंपांवर शंभर ऑक्टेनचं मिळतं, पण टाकीत चार महिने पडून राहिल्यावर कुठलंच पेट्रोल तसं राहत नाही. इंजिनाच्या बाजूला टॉर्च मारला तर एका वायरीच्या जुडग्याचं कापड कुरतडलेलं आणि वर लेंड्या. मुंबईच्या तळघरातले उंदीर जर्मन आणि जपानी असा भेद करत नाहीत.

सर्व्हिसच्या फायलीत आम्ही शिक्के मोजले. अशा गाडीत तेल वर्षातून एकदा बदलायचं, चालो वा न चालो. ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी. चौदा वर्षांत शिक्के पाच, त्यातले चार पहिल्या पाच वर्षांतले. मालकाचा युक्तिवाद असा की चाललीच नाही तर सर्व्हिस कशाला? ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं आणि त्याला मीटर वाचता येत नाही, हे त्यांना पटवणं मी सोडून दिलं.

एक गोष्ट त्यांनी मान्य केली, गाडी वर्कशॉपला नेऊन संगणकाला जोडायची. कुठलीही महागडी जुनी गाडी घेताना मी ही अट सोडत नाही. इंजिनाच्या संगणकात ते किती तास चाललं याची नोंद असते, आणि मीटर मागे फिरवणाऱ्यांपैकी बरेच जण ही नोंद विसरतात. किलोमीटरला तासांनी भागा, सरासरी वेग निघतो. पूर्वी एका कूपेच्या मीटरवर ३१,००० आणि संगणकात २,९०० तास होते, म्हणजे ताशी जेमतेम पावणेअकरा किलोमीटर. पुण्याच्या संध्याकाळच्या गर्दीतही गाडी त्याहून जास्त सरकते. मीटर फिरवलेला होता. आमच्या गाडीत १,०१० तास निघाले, सरासरी सुमारे एकोणीस. कमी आहे, पण रविवारची वीस मिनिटं चौदा वर्षं धरली तर अडीचशे तास त्यातच गेले. उरलेल्यांचा हिशेब मुंबईला शोभेल असा पंचवीसवर येतो. मालक खरं बोलत होते. हातगिअरची गाडी असती तर त्याच यंत्रात आणखी एक पान बघितलं असतं: इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा आणि केव्हा फिरलं. पाचवरून सहाला जाताना चुकून चार पडला की ती ठेच संगणक विसरत नाही. ही गाडी सात गिअरच्या पीडीके ऑटोमॅटिकची होती, तिला तशी चूक करताच येत नाही. पण पीडीकेला चढावर हळूहळू सरकवून झटका बसतो का ते बघावं; त्याचे आतले भाग कंपनी बरीच वर्षं सुटे देत नव्हती, अख्खा गिअरबॉक्स घ्या म्हणायची.

दुसरी कुठली कूपे घेत असाल तर ही यादी जशीच्या तशी उचलू नका. बीएमडब्ल्यूच्या व्ही-एट एम३ मध्ये कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बघायची, तिच्या आधीच्या पिढीत मागच्या चाकांचा सांगाडा जिथे बसतो तिथल्या पत्र्याच्या चिरा. प्रत्येक गाडीचं आजारपण तिच्या जुन्या मालकांना पाठ असतं, त्यांच्यापैकी एकाला गाठून तासभर बोलायचं.

कागदांना मी गाडीइतकाच वेळ देतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचं पत्र हातात पडेपर्यंत टोकन देऊ नये. पाँडिचेरी किंवा दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते. इथे आणली की एनओसी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर, मग भाव बरोबरीला येतो. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हा तिथल्या गाड्या देशभर पांगल्या. इथेही वयाचा खर्च आहेच: २०२२ मध्ये पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुढे चालू ठेवायचं शुल्क साध्या कारला ५,००० रुपये झालं, आयात गाडीला ४०,०००. विकणाऱ्यानेही जपावं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक; गाडी चार हात फिरली आणि अपघात झाला तरी भरपाई त्याच्यावर येते.

आणि आयातीचा कागद, बिल ऑफ एंट्री. शुल्क इतकं जबर की ते चुकवण्याच्या वाटा कायम निघत आल्या आहेत. २००३ मध्ये दुसऱ्याकडून घेतलेल्या एका पोर्शे कॅरेरावर सीमाशुल्क खात्याने पुढच्या मालकाकडे शुल्क मागितलं. तो आयातदार नव्हे, त्याच्याकडून शुल्क मागता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयातून त्याला मिळाला. दोन दशकांनी.

वर्कशॉपमधून परत येताना कोस्टल रोडवर मित्राने पहिल्यांदा गाडी हातात घेतली. ताशी ऐंशीच्या आत, शहाण्यासारखी. स्टिअरिंग घट्ट, गाडी जिवंत. बोगद्यात त्याने काच खाली केली आणि मागचा आवाज ऐकत काहीच बोलला नाही. मीही पाच मिनिटं गप्प राहिलो. मग वहीतली बेरीज त्याच्यासमोर ठेवली: चार टायर, बॅटरी, कंडेन्सर, वायरिंग, सगळी तेलं, प्लग, आणि पुढच्या सहा महिन्यांत गळायला लागतील अशी सुकलेली रबरी सीलं. त्याने तेवढी रक्कम कमी करून मागितली. मालक दुखावले. "एकोणीस हजार चाललेली गाडी आहे हो, तुम्ही टॅक्सीच्या भावात मागताय."

दोन महिन्यांनी मित्राने पुण्यातून दुसरी घेतली, २०११ ची, ६४,००० चाललेली. नाकावर दगडांचे ठिपके, ड्रायव्हरच्या सीटची कड झिजलेली, आणि फाइल इतकी जाड की रबर बँड तुटला होता. आधीच्या मालकाने बदललेल्या बल्बचीही पावती ठेवली होती. मित्र तिने सापुताऱ्याला जातो, द्राक्षांच्या हंगामात शेतावरही नेतो.

वरळीची जाहिरात परवा पुन्हा दिसली. फोटो तेच, भाव पाच टक्क्यांनी खाली. 'ओन्ली १९,०४० किमी.'